आपोआप मेलेल्या अळ्या

‘अगं ए! हे तुझं जनावर माझ्या ताटापाशी आलंय बघ!’

हातातली चपाती तव्यावर तशीच टाकून मी बाहेर आले. जनावर कसलं, नखाएवढा काळा भुंगा, वाट चुकून आलेला. आणि आमचे हे ताट उचलून भिंतीला पाठ लावून उभे! बापूसो मगदूम, वय वर्षं एकोणसत्तर. चौतीस वर्षं एस.टी. स्टँडवर उभं राहून गाड्या सोडल्या, अंगावर येणारे प्रवासी नुसत्या आवाजानं मागं सारले, आणि आता एका भुंग्यापुढं जेवण थांबलं होतं.

‘एवढं काय घाबरायचं ते?’

‘घाबरतोय कोण? पाय पडला म्हंजे पाप कुणाला? मला का तुला?’

‘मला. ह्या घरातलं सगळं पाप माझ्याच नावावर टाका. बसा आता, चपाती करपाय लागली.’

भुंग्याला कागदावर चढवून मी मागं नेलं आणि त्याच्या ट्रेमध्ये सोडलं.

मोरीच्या वर एक लांब फळी आहे. पूर्वी तिथं धुण्याची पावडर आणि रिकामे डबे असायचे. गेलं दीड वर्ष तिथं प्लास्टिकचे चार ट्रे होते. एकात भुंगे, एकात डोळ्यांना न दिसणारी त्यांची अंडी, एकात वळवळणाऱ्या पिवळ्या अळ्या, एकात कोष. महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं मी फळ्यावर गोल काढून बाण दाखवले होते, अंडी, अळी, कोष, भुंगा. पोरं पाठ करून विसरून जायची. म्हातारपणी ते सगळं माझ्याच मोरीवर येऊन बसेल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

आम्ही जैन. पाणी गाळून पितो, अंधार पडायच्या आत जेवतो, कांदा-बटाटा घरात येत नाही. असल्या घरात किडे पाळायचे, आणि तेही दुसऱ्या जनावराच्या तोंडात घालायला! शेजारची बायामाणसं तोंडावर काही बोलत नव्हती, पण वाटीभर साखर मागायला येणंही बंद झालं होतं. येईनात का. मला ज्या एका माणसानं यायला हवं होतं, ते येत होतं.

ते माणूस म्हणजे माझी नात आदिती, वय दहा.

माझ्या मुलानं, ऋषभनं, तिच्या आठव्या वाढदिवसाला शुगर ग्लायडरची जोडी आणली. तेव्हा घरात रोज नवराबायकोची भांडणं, आणि त्याला वाटलं की असलं काही आणलं की पोरगी हसेल. पोरगी हसली. तिनंच नावं ठेवली, गुंडू आणि मोना. चार महिन्यांनी सून पूर्णिमा तिला घेऊन कबनूरला माहेरी गेली. ऋषभ पुण्याला नोकरीवर गेला तो तिकडचाच झाला. कुणाचं चुकलं ते मला विचारू नका. मी त्याची आई आहे, माझं उत्तर खोटंच असणार. सगळे गेले आणि गुंडू-मोना माझ्या पुढच्या खोलीत राहिले.

खारीएवढे जीव. राखाडी अंग, पाठीवर काळा पट्टा, डोळे बटबटीत. पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत कातडीची झालर. ती पसरून पडद्यावरून उडी मारली की थेट आदितीच्या खांद्यावर. दिवसभर कापडी पिशवीत झोपायचे आणि दिवेलागणीला उठून सगळं घर डोक्यावर घ्यायचे. फळं खायचे, पनीर खायचे, भिजवलेले हरभरे खायचे. पण त्यांना किडे लागतातच. पूर्णिमाची आई कडक व्रतस्थ, तिच्या घरात असलं काही चालणार नाही. म्हणून जनावरं माझ्याकडं, आणि जनावरं माझ्याकडं म्हणून एका रविवाराआड चार ते सात आदिती माझ्याकडं. दोन्हीकडच्या बैठकीत ठरलं होतं ते एवढंच, की पोरीला वाटलं तर तिनं यायचं. आता पोरीला यावंसं वाटावं असं माझ्या घरात दुसरं होतं काय? गुडघेदुखीचं तेल आणि आमचे हे. म्हणून मी किडे पाळले.

शिकवलं मला अमरसिंहानं. राजारामपुरीत त्याचं पाळीव प्राण्यांचं दुकान आहे. चौथीत माझ्या वर्गात होता, तेराचा पाढा शेवटपर्यंत आला नाही. ‘बाई, लई सोपं हाय,’ तो म्हणाला होता. ‘कोंडा घालायचा, गाजराचा तुकडा टाकायचा आणि इसरून जायचं.’

‘आमच्यात गाजर चालत नाही.’

‘किड्याला चालतंय की, बाई!’

मी तांबडा भोपळाच घातला. त्यांचं काही अडलं नाही. अमरसिंहानं आणखी एक सांगितलं होतं. मेलेला किडा दिसला की काढून फेकायचा, खायला घालायचा तो जिताच. मी रोज संध्याकाळी चिमट्यात एकेक अळी धरायचे, मनात णमोकार मंत्र म्हणायचे आणि पिंजऱ्यात हात घालायचे. देवाला यातलं काय पोचत होतं कुणास ठाऊक. अळीला काहीच पोचत नव्हतं.

त्या भुंग्याच्या दिवशी रविवारच होता. चार वाजता कबनूरहून गाडी आली. आदितीचे आईकडचे आजोबा बाळासो नेहमीप्रमाणं फाटकाशीच थांबले. कबनूरला त्यांचे यंत्रमाग आहेत, माणूस भला आहे, पण किडे आल्यापासून त्यांनी आमच्याकडचं पाणी सोडलं होतं.

‘अक्काताई, एक सांगायचं होतं,’ ते म्हणाले. ‘पूर्णिमाला बेळगावचं ठिकाण बघितलंय. दिवाळीनंतर हुईल बहुतेक. मानसं चांगली हायत, पोरगीसकट न्यायला तयार हायत.’

‘चांगलं झालं,’ मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

आत आदिती पिंजऱ्याला नाक लावून बसली होती. ‘आज्जी! आज्जी, पळत ये! मोनाच्या पोटावर काय तरी हलतंय!’

मी चष्मा लावून पाहिलं. ह्यांच्या माद्यांच्या पोटाला कांगारूसारखी पिशवी असते, मोनाच्या त्या पिशवीला फुगी आली होती आणि आतून काहीतरी ढुशी देत होतं.

‘पिल्लू आहे,’ मी म्हणाले. ‘पंधरा-वीस दिवसांत बाहेर येईल.’

‘आज्जी, शप्पथ? पिल्लू झालं की मी दर रविवारी येतो.’

‘येते म्हण.’

‘येतो की!’ आमच्या कोल्हापूरच्या पोरींना हे शिकवून मी तीस वर्षांत दमले. ‘आणि बेळगावला गेलो तरी येतो. मम्मीला सांगितलंय मी. पिल्लू मला बघून मोठं झालं पायजे, न्हायतर ते चावतंय.’

सातला ती गेली. जाताना गुंडू-मोनाला दहा वेळा हात लावला. मलाही हात केला, गाडी वळताना.

बुधवारी आमचं पर्व बसणार होतं. भाद्रपदातले दहा दिवस, उपवास, पूजा, बस्तीत म्हणजे आमच्या जैन मंदिरात प्रवचन. मंगळवारी ह्यांनी जाहीर करून टाकलं.

‘पर्वाचे धा दिस ह्या घरात जिता किडा कुणाच्या तोंडात जायचा न्हाय. जमत नसंल तर सांग, मी बस्तीत जाऊन राहतो.’

एरवी मी चार शब्द सुनावले असते. पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं. दहा दिवस तरी हात स्वच्छ ठेवावेत. मी अमरसिंहाला फोन लावला.

‘बाई, गुंडू राहील हो पनीरवर. मोना न्हाय राहायची. पिल्लू हाय तिला. तिला खायला कमी पडलं तर पिल्लू टाकंल, न्हायतर खाईल बी.’

‘खाईल?’

‘जनावर हाय, बाई.’

मी फोन ठेवला आणि झाडलोटीला लागले. पर्वाआधी आमच्यात सगळं स्वयंपाकघर धुऊन काढतात. गव्हाचं पिंप रिकामं केलं. तळाला दोन ओंजळी राहिले होते, फुटके दाणे, टरफलं, पांढरट भुगा. माणसानं खायचं ते नव्हे, पण टाकवत नाही. दुकानातल्या कोंड्याला पेंडीचा वास यायचा. म्हटलं, हे घरचं आहे, आपल्या गव्हाचं. मिक्सरला फिरवलं आणि अळ्यांच्या ट्रेमधला जुना कोंडा काढून हे घातलं. वरून भोपळ्याची ताजी फोड ठेवली. सणासुदीचं त्यांनाही बरं मिळावं, एवढाच विचार.

बुधवारी मोनानं पनीर हुंगून सोडून दिलं. गुरुवारी हरभरा घेतला आणि खाली टाकला. पिंजऱ्याच्या जाळीला धरून ती माझ्याकडं बघत राहायची आणि तिच्या पोटावरची फुगी हलत राहायची. मी उपवासाची, ती उपाशी. दोघी एकमेकींकडं बघत बसायचो.

शुक्रवारी सकाळी ट्रेवरचं फडकं काढलं तर आठ-दहा अळ्या निपचित. काडीनं हलवून पाहिलं. हलल्या नाहीत. मेल्या होत्या, पण रंग तसाच पिवळा, वास नाही, काही नाही.

मला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला. मी मारल्या नव्हत्या, कुणीच मारल्या नव्हत्या. अमरसिंहाचं बोलणं आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण तो म्हणाला ते जुन्या, काळ्या पडलेल्या किड्याबद्दल असणार, असं मीच माझं ठरवून टाकलं. माणसाला हवं ते ठरवायला किती वेळ लागतो?

‘अहो,’ मी हाक मारली. ‘इकडं या.’

हे दीड वर्षात पहिल्यांदा मोरीच्या दारात आले. धोतराचा सोगा वर धरून.

‘बघा. आपोआप मेल्यात.’

‘तू काय केलं न्हाईस न्हवं?’

‘पर्वात खोटं बोलेन का?’

ह्यांनी बराच वेळ ट्रेकडं पाहिलं. मग म्हणाले, ‘ह्यात पाप न्हाय.’ आणि आणखी थोड्या वेळानं, ‘त्या बिचारीसाठी देवानंच दिलं म्हणायचं.’

त्या संध्याकाळी मोनानं सहा अळ्या खाल्ल्या, उरलेल्या गुंडूनं. दुसऱ्या दिवशी आणखी मेल्या होत्या, तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. रोज तेवढंच पुरेल इतकं. सोमवारी मी चिमटा उचलला तर हे मागं येऊन उभे.

‘दे इकडं.’

‘तुम्ही?’

‘मेलेलीच हाय की. दे.’

ह्यांनी चिमटाही घेतला नाही, बोटांतच धरली. मोनानं जाळीतून दोन्ही हात काढून ती घेतली. हे एकदम हसले, कितीतरी महिन्यांनी.

‘अगं, बोटाला जीभ लावली बघ हिनं! गुळगुळीत लागतीया!’

मग रोज बस्तीतून आल्यावर पहिला प्रश्न तोच. ‘आज हायत का?’ मी म्हणायचे, हायत. ऋषभनं आणलेल्या जनावरांना ह्यांनी दोन वर्षांत हात लावला नव्हता. आता गुंडूला ‘या पावणं’ म्हणून हाक मारत होते. मला वाटलं, पर्व पावलं. पिल्लू होईल, आदिती येईल, आणि हा माणूसही तिच्याबरोबर चार शब्द बोलेल.

बुधवारी गुंडूनं पडद्यावरून उडी मारली ती मध्येच खाली पडला. गुरुवारी पिशवीतून बाहेर आला नाही. पिंजऱ्याच्या तळाला पातळ घाण होती. शुक्रवारी अनंत चतुर्दशी. आमचं घर मंगळवार पेठेत, मिरवणूक जवळच्याच रस्त्यानं जाते. दुपारपासून ते डीजे सुरू झाले, भांडी मांडणीवर नाचत होती. गुंडूला बाहेर काढलं तर अंगभर कापत होता.

‘आवाजानं भ्यालंय,’ हे म्हणाले.

मलाही तेच वाटलं. एवढासा जीव, छातीत धडकी भरणारच. आम्ही पिंजऱ्यावर दोन रजया टाकल्या, खिडक्यांच्या फटीत टॉवेल कोंबले. मोनाला बळ यावं म्हणून संध्याकाळी दोन अळ्या जास्तच घातल्या. ह्यांनी घातल्या.

शनिवारी सकाळीही मिरवणूक संपली नव्हती. अमरसिंहाला फोन लावला तर तो त्याच्या तालमीच्या गणपतीपुढं. ‘बाई, काय ऐकू येईना! उद्या सकाळी येतो! टेन्शन घेऊ नका!’ जनावरांच्या डॉक्टरकडं जावं तर रस्ता बंद. दुपारी एकच्या सुमारास मी रजई बाजूला केली. गुंडू कापडी पिशवीच्या तोंडाशी गार होऊन पडला होता. मोना त्याला चिकटून बसली होती आणि तिचंही डोकं खाली झुकत होतं.

रविवारी नऊ वाजता अमरसिंह आला. डोळे तांबारलेले, केसांत अजून गुलाल. मोनाला हातात घेऊन त्यानं पोट दाबून पाहिलं, तोंड उघडून पाहिलं. तो काही बोलायच्या आतच ती त्याच्या तळहातावर गेली. लांब श्वास घेतला, पाय ताणले, संपलं. त्यानं तिच्या पोटावरच्या पिशवीत करंगळी घालून पाहिलं.

‘पिल्लूबी गेलंय, बाई.’

हे खुर्चीत बसले होते. ते उठले आणि परत बसले.

‘काय खायला घातलं?’ अमरसिंहानं विचारलं. मी त्याला मोरीत नेलं. ट्रे दाखवला. निम्म्या अळ्या मेलेल्या, बाकीच्या पडून. त्यानं भुगा चिमटीत घेऊन चोळला. बोटाला पांढरं लागलं.

‘बाई, हा कोंडा कुठला?’

‘घरचा. गव्हाच्या पिंपाच्या तळाचा.’

‘हे पांढरं कसलं?’

मी बोट पुढं केलं, ते पांढरं चोळून पाहिलं आणि ओळखलं.

वैशाखात वर्षाचे गहू भरताना मी त्याला बोरिक पावडर चोळते. माझी आई चोळायची, सासूबाई चोळायच्या. गव्हाला कीड लागली आणि ती गव्हाबरोबर गिरणीत दळली गेली तर केवढी हिंसा! म्हणून कीड लागूच द्यायची नाही. दळायला देताना आम्ही गहू पाखडून, ओल्या फडक्यानं पुसून देतो, त्यामुळं माणसाला काही होत नाही. पावडर सगळी झिरपत पिंपाच्या तळाला जाते. तो तळ मी माझ्या हातानं दळून अळ्यांना घातला. आणि त्या विषानं मेलेल्या तेवढ्या निवडून, वेचून, मोनाला आणि गुंडूला.

‘मेलेला घालू नका म्हणून सांगिटलं होतं की, बाई.’

‘सांगितलं होतंस.’

पाढे चुकल्यावर मी ह्याला बाकावर उभं केलं होतं. त्यानं मला दोष दिला नाही. मागच्या अंगणात कढीपत्त्याखाली त्यानंच खड्डा खणला. हात धुताना म्हणाला, ‘पोरगी आज येणार न्हवं? तिला सांगा, डीजेच्या आवाजानं गेली. पटंल तिला, जातातच आवाजानं. पंधरा दिवसांत पुण्याहून दुसरी जोडी आणतो. पैशाचं बघू नका.’

मला ते हवं होतं. स्वच्छ सांगते. मी मनात वाक्यंसुद्धा जुळवली. पण हे पाठीमागं येऊन उभे होते.

‘आज क्षमावाणी हाय,’ हे म्हणाले. पर्व संपलं की एक दिवस आम्ही सगळ्यांची माफी मागतो, लहानमोठं न बघता. सकाळपासून दोघांच्या फोनवर तेच चालू होतं, उत्तम क्षमा, उत्तम क्षमा. ‘आज तरी पोरीशी खोटं बोलू नको. आणि एकटीचं नाव घेऊ नको. मीबी घातल्यात. माझ्या हातानं घातल्यात मी.’

एवढं बोलून हा माणूस मोरीच्या उंबऱ्यावर बसून लहान पोरासारखा रडला. मला रडू आलं नाही. चार वाजायचे होते.

चारला गाडी आली. बाळासोंनी फाटकातूनच हात जोडले. ‘उत्तम क्षमा, अक्काताई.’ मीही जोडले. आदिती त्यांच्या मागून धावत आत गेली. पिशवीत काहीतरी होतं तिच्या, पिल्लासाठी लोकरीचा तुकडा आणला होता. पिंजऱ्यापाशी ती थांबली. पिंजरा मी धुऊन ठेवला होता.

मी तिला सगळं सांगितलं. पिंप, पावडर, मेलेल्या अळ्या, आज्जा आणि मी, आम्ही दोघांनी घातल्या. मुलांना समजावून सांगायची मला सवय आहे. माझा आवाज वर्गातल्यासारखाच लागला, त्याची मला किळस आली.

‘पिल्लूपण?’ तिनं विचारलं.

‘पिल्लूपण.’

मग मी तिच्यापुढं खाली बसले, गुडघा कडकडला, आणि हात जोडले. ‘आदिती, उत्तम क्षमा.’

‘उत्तम क्षमा,’ ती म्हणाली. लगेच. सकाळपासून बस्तीत दोनशे माणसांना म्हणाली असेल तशी.

ती रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं. ती रडली नाही. तिनं लोकरीचा तुकडा परत पिशवीत घातला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. सव्वाचार झाले होते. बाळासो शहरातली कामं उरकून सातला येणार होते.

‘शेंगदाण्याचे लाडू देऊ?’ मी विचारलं.

‘नको.’

‘शाळेत काय चाललंय?’

‘चाचणी.’

‘झाली का होणार?’

‘झाली.’

हे समोरच्या खुर्चीत, मी पलंगाच्या कडेला, ती पिंजऱ्याशेजारच्या स्टुलावर. एवढ्या रविवारी आम्ही काय बोलत होतो ते मी आठवू लागले. गुंडू काय खातो, मोना कधी उठते, गुंडू कुठं लपला. दुसरं कधी काही बोललोच नव्हतो. तिला कुठली भाजी आवडते ते मला माहीत नव्हतं. तिच्या मैत्रिणीचं नाव मला माहीत नव्हतं. तीस वर्षं परक्या पोरांशी रोज सात तास बोलले, आणि माझ्या नातीशी पावणेतीन तास बोलायला माझ्याकडं काही नव्हतं.

पाच वाजता ती म्हणाली, ‘आज्जी, तुझा फोन दे. आजोबांना लवकर ये म्हणून सांगतो.’

मी दिला.

पुढच्या वेळच्या रविवारी बाळासोंचा फोन आला. ‘अक्काताई, पोरगीला अभ्यास हाय म्हनतीया. बघू पुढच्या टायमाला.’ आवाजात राग नव्हता. मी म्हणाले, अभ्यास आधी. त्याच्या पुढच्या वेळी फोनही आला नाही, मीही केला नाही. दिवाळीनंतर लग्न व्हायचं आहे. पत्रिका येईल न येईल.

पिंजरा अमरसिंह घेऊन गेला. ट्रेही नेतो म्हणाला, कोंबड्यांना होतील. मी दिले नाहीत. वाचलेल्या अळ्या मी पहिल्याच दिवशी एकेक पुसून दुकानच्या कोंड्यात टाकल्या होत्या. थोड्या गेल्या, बाकीच्या राहिल्या. त्यांतल्या काहींचे कोष झाले, कोषांचे भुंगे झाले. आता त्यांना कुणाच्या तोंडात घालायचं नाही, आणि मारताही येत नाही. मरेपर्यंत सांभाळायचं. मरायच्या आत ते अंडी घालतात.

काल रविवार होता, आदितीच्या यायचा. हे इस्त्रीचा शर्ट घालून चार वाजता पायरीवर जाऊन बसले. साडेपाच झाले तसे उठून आत आले, मोरीच्या दारात थांबले.

‘जित्या हायत का?’

‘हायत.’

‘मग घाल की त्यास्नी काय तरी. सकाळपासनं घातलं न्हाईस.’

मी विळी घेऊन खाली बसले आणि भोपळा कापायला घेतला.